मुलाणीसाहेबांची मोजणी

माझ्या लग्नात मुलाणीसाहेबांनी वऱ्हाड मोजलं. कोणी सांगितलं म्हणून नव्हे. आहेर देऊन झाल्यावर त्यांना दुसरं काम नव्हतं, आणि समोर माणसं होती. दुसरी पंगत उठत असताना त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, "बाई, तुमच्या सासरच्या मंडळींत अकरा माणसं तुमची नाहीत."

"अहो, असं काय म्हणता? सगळे हसून बोलतायत."

"दिसतंय तसं," मुलाणीसाहेब म्हणाले. "असेलच असं नाही."

चौकशी झाली. अकरापैकी सात जण खरोखरच वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या लग्नाचे निघाले. आमच्याकडे जिलबी होती, वर बुंदी. उरलेले चार म्हणजे माझे मावससासरे आणि त्यांचं कुटुंब. चौकशीच्या ओघात त्यांनाही "तुम्ही नक्की कोणाचे?" असं विचारलं गेलं, आणि तेव्हापासून ते आमच्याकडे पाणीसुद्धा पीत नाहीत. पुढे कधीतरी मी हे मुलाणीसाहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "सात बरोबर आले ना? मग चांगली झाली मोजणी."

'मुळाकाठ मोटर सर्व्हिस'मध्ये मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा मुलाणीसाहेब तिथे मार्ग-पाहणी कारकून होते. असं पद दुसऱ्या कुठल्या कंपनीत असेल असं मला वाटत नाही. एखाद्या गावाने अर्ज केला की आमच्याकडे बस सुरू करा, तर तिथे जाऊन बघून यायचं की माणसं खरोखर आहेत का, आणि असली तर ती बसमध्ये बसतील का. थोडक्यात, इतरांना संशय घेतल्याबद्दल बोलणी बसतात, मुलाणीसाहेबांना त्याचा पगार मिळायचा.

हा संशय घराण्यातला होता. कंपनी काढली तात्या शेलारांनी. तात्या लष्करात मोटारी दुरुस्त करायचे. महायुद्ध संपलं, स्वातंत्र्य आलं, आणि तात्या खडकीहून लष्कराने मोडीत काढलेले दोन ट्रक घेऊन घरी आले. ट्रकवर बसायला बाकं आणि डोक्यावर छप्पर हवं होतं. घोरपडे पेठेत मुलाणीसाहेबांचे वडील टांगे बांधायचे. टांग्यांचे दिवस भरत आले होते, त्यामुळे त्यांनी हे काम घेतलं. तात्या सांगायचे की पहिली बस दोन टांगे शेजारी शेजारी बांधल्यासारखी दिसत होती, फक्त घोडे पळून गेलेले. म्हाताऱ्या मुलाणींचा मात्र तात्यांच्या इंजिनावर काडीचा विश्वास नव्हता. आपण बांधलेली बाकं कुठेतरी माळावर पडून राहणार, याची त्यांना खात्री होती. म्हणून पहिल्या फेरीला त्यांनी आपल्या नुकत्याच मॅट्रिक झालेल्या मुलाला, बशीरला, गाडीत बसवून पाठवलं. बाकं परत येतात का ते बघ.

संध्याकाळी बाकं परत आली. बशीरने तात्यांना सांगितलं, "गाडी पोचली. पण तुमचा कंडक्टर सतरा म्हणतोय आणि बसले होते बावीस. पाच जण टपावर होते." तात्यांनी त्याला दुसऱ्याच दिवसापासून कामावर घेतलं.

मी लागले तोवर तात्यांचे केस पिकले होते आणि कंपनी एका खोलीतून तीन खोल्यांत आली होती. मोठे रस्ते सरकारी गाड्यांकडे गेले होते. आमच्या वाट्याला आले ते रस्ते, ज्यांना रस्ता म्हणायला सरकारसुद्धा तयार नव्हतं. डोंगराच्या कडेची गावं, वाड्या, वस्त्या. अशा गावांचे अर्ज यायचे. खाली अंगठ्यांची रांग, आणि मजकूर सगळ्यांचा एकच: आमच्या गावाहून रोज पन्नास माणसं पुण्यास जातात, त्यांचे अतोनात हाल होतात.

"पन्नास," मुलाणीसाहेब अर्ज उजेडाकडे धरून म्हणायचे, जणू माणसं कागदाच्या आत कुठेतरी दिसतील. "दिसतंय तसं."

मग ते सायकल आणि काळी छत्री घेऊन निघायचे. गावाला न कळवता फाट्यावर, झाडाखाली बसून तीन दिवस मोजायचे. परत आले की अहवाल लिहून माझ्या टेबलावर ठेवायचे. मी खूप लोकांचं लिखाण टाइप केलं, पण असं गद्य पुन्हा पाहिलं नाही. हिंजवडीचा अहवाल मला अजून पाठ आहे. तेव्हा हिंजवडी म्हणजे गाव होतं हो, नुसतं गाव. मुलाणीसाहेबांनी लिहिलं: 'येथे भात, बाभळी व म्हशी आहेत. म्हशी समाधानी दिसल्या. कोणासही कोठे जाण्याची घाई नाही. बसला भवितव्य नाही.'

पुढे त्याच हिंजवडीने कंपनीला सोन्याचे दिवस दाखवले, तेव्हा निवृत्तीनंतर भेटायला आलेल्या मुलाणीसाहेबांना ऑफिसात सगळ्यांनी हा अहवाल वाचून दाखवला. ते शांतपणे म्हणाले, "मी त्या दिवसाचं लिहिलं होतं. त्या दिवशी म्हशीच होत्या."

गावंही हळूहळू शहाणी झाली. छत्रीवाला मुलाणी येतो आणि मोजतो, ही बातमी बसच्या आधी पोचायला लागली. वाघजाईवाडीला ते सकाळी गेले तर थांब्याच्या जागी ही गर्दी! धुतलेली धोतरं, नवी लुगडी, प्रत्येकाच्या काखोटीला बोचकं. मुलाणीसाहेबांनी सायकल झाडाला लावली आणि पहिल्या गड्याला विचारलं, "कुठे निघालात?"

"पुण्याला."

"काय काम?"

"हाय की काम."

"बोचक्यात काय आहे?"

गड्याने सरपंचांकडे पाहिलं. सरपंचांनी आभाळाकडे पाहिलं. बोचकं सोडलं तर आत उशी. पुढच्या बोचक्यात गवऱ्या. कडेला एक म्हातारी उन्हात बसली होती, तिच्यापुढे मुलाणीसाहेब उकिडवे बसले. "आजी, तुम्ही पुण्यात कोणाकडे?"

"मी कशाला जातीय पुन्याला?" आजी म्हणाल्या. "हितं हुबं ऱ्हायलं की च्या देनार हायेत. अजून आला न्हाई. तुमी देताय का?"

अहवालात त्यांनी लिहिलं: 'प्रवासी बावन्न दिसले. खरे नऊ. चहा वेळेवर मिळाला असता तर संख्या वाढली असती.' वाघजाईवाडीला त्या वर्षी बस मिळाली नाही. सरपंच ऑफिसात येऊन भांडून गेले. मुलाणीसाहेबांनी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि विचारलं, "खरा प्रवासी कोणाला म्हणायचं, सांगा बरं? ज्याचं दुसऱ्या टोकाला काम आहे, त्याला. नुसतं बसणाऱ्याला नाही."

हा माणूस ऑफिसबाहेर वेगळा असेल असं वाटत असेल, तर तसं नव्हतं. एखाद्याला महत्त्वाचं कळवायचं असलं की ते एकाच मजकुराची दोन पत्रं टाकायचे आणि मग कोणतं आधी पोचलं ते विचारायचे. मी शिंकले तर विचारायचे, "सर्दी आहे की रजा हवीय?" त्यांच्या निरोपसमारंभाला हॉल भरला होता. भाषणं झाली, बटाटेवडे झाले, लोक पांगले. ते हार हातात धरून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "वड्यांच्या आधी एकशे दहा. वड्यांनंतर त्रेसष्ट. त्रेसष्ट म्हणजे वाईट नाही, बाई."

या सगळ्यावर मोकळेपणी हसायची एकच व्यक्ती होती. त्यांच्या पत्नी, रशीदाभाभी. ईदला आम्ही ऑफिसातली मंडळी घोरपडे पेठेत त्यांच्याकडे जायचो, तेव्हा शिरखुर्म्याच्या वाट्या भरता भरता भाभी सांगायच्या, "निकाहच्या वेळी काझींनी यांना विचारलं, कबूल आहे का? तर हे म्हणाले, मुलगी हीच ना, ती एकदा खात्री करून घ्या." मुलाणीसाहेब वाटीतले बदाम बाजूला करत म्हणायचे, "चुका होतात. पुढे कोण निस्तरणार?" घरात रोज काहीतरी चौकशी चालायचीच. भाजीत मीठ बदललंस का? दार कोणी लावलं होतं? माझ्या चष्म्याची जागा कोणी हलवली? भाभी प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायच्या आणि बहुतेक उत्तरं खोटी असायची. ती पकडण्यात मुलाणीसाहेबांची संध्याकाळ छान जायची.

ते निवृत्त झाले आणि कंपनीचं रूपच पालटलं. आधी पिंपरीकडच्या कारखान्यांतल्या कामगारांची ने-आण करायचं काम मिळालं. मग हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, मागोमाग खराडीत. त्या इमारतींत काम करणारी मुलं आमच्या गार गाड्यांमधून, कानात गाण्यांची बोंडं घालून, झोपत जायला लागली. तात्या गेले. त्यांचा नातू अभिजित बाहेर शिकून आला आणि मालक झाला. गाड्या इतक्या झाल्या की त्या मोजायला मुलाणीसाहेबच हवे होते. डोंगराकडच्या गावांचे मार्ग मात्र एकेक करून बंद होत गेले. गावांत मोटारसायकली आल्या होत्या, तरुण पोरं शहरात राहायला आली होती. उंबरदऱ्याची गाडी तेवढी उरली होती. तीही सकाळी दूधवाल्यांनी आणि नोकरदारांनी भरायची. दुपारी दोनची फेरी जवळजवळ रिकामी जायची.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती तेव्हाची गोष्ट. अभिजितने मला केबिनमध्ये बोलावलं. मी तेव्हा ऑफिस सुपरिंटेंडंट होते.

"बाई, हा डेटा बघा," तो म्हणाला. "उंबरदरा, दुपारची दोनची. ज्या ज्या वारी लोड नव्हता त्या वारी मी फेरी बंद केली. राहिले सोमवार, बुधवार, शुक्रवार. तेही बंद करणार होतो. तर चार महिने झाले, चौदा पॅसेंजर. दर फेरीला चौदा. धो धो पावसात चौदा. क्रिकेटची फायनल होती त्या दिवशी चौदा. माणसं अशी वागतात का?"

"नाही वागत," मी म्हणाले.

"कंडक्टरचा काहीतरी गोंधळ आहे. कोणाला पाठवू चेक करायला?"

मला एकच नाव सुचलं. मी त्याच्यासमोरच फोन लावला. भाभी जाऊन तेव्हा पाच-सहा महिने झाले असतील. मूत्रपिंडाच्या दुखण्याने त्या दोन वर्षं आजारी होत्या. मला वाटलं, म्हाताऱ्याला जरा काम मिळेल, मन रमेल. मी सगळं सांगितलं.

"माझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत, बाई," मुलाणीसाहेब म्हणाले. "आणि चौदा आहेत म्हणताय, तर असतील."

मी फोन ठेवला. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'असतील' या शब्दावर वाक्य संपलेलं मी ऐकलं नव्हतं. काहीतरी नक्की शिजत होतं.

"मीच जाऊन येते," मी अभिजितला म्हणाले.

बुधवारी मी पदर डोक्यावरून घेऊन, आमचा नेहमीचा थांबा सोडून पुढच्या थांब्यावर गाडी धरली. आत चढले आणि मोजलं. सवय लागते. चौदा.

पुढच्या बाकावर खिडकीला डोकं टेकून एक पन्नाशीची बाई डोळे मिटून बसली होती, डाव्या हाताला कोपराजवळ पट्टी. मधल्या बाकांवर तिघे, गावचेच दिसत होते. बाकीचे दहा म्हातारे. त्यांतले निम्मे मी ओळखत होते. निवृत्त ड्रायव्हर जगतापमामा. टायरच्या खोलीतले लतीफभाई. पंडित कंडक्टर, ज्यांना मीच निवृत्तीचं पत्र टाइप करून दिलं होतं. मला पाहताच सगळे एकदम खिडकीबाहेर बघायला लागले, जणू बाहेर हत्ती चालला होता. आणि दहावे, त्या बाईच्या मागच्याच बाकावर, मांडीवर काळी छत्री आडवी ठेवून, मुलाणीसाहेब.

"बाई! तुम्ही इकडे कुठे?"

"उंबरदऱ्याला."

"कशाला?"

"तुम्ही कशाला निघालात ते बघायला."

मी जगतापमामांकडे वळले. "मामा, तुमचं कोण आहे उंबरदऱ्यात?"

"मेव्हणीचं गाव ना."

"घर कुठे आहे त्यांचं?"

"ते... देवळाजवळ."

"पंडित, तुमचं?"

"माझीही मेव्हणीच," पंडित म्हणाले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, "देवळाच्या अलीकडे," असं त्यांनी जोडलं.

"राहू द्या, बाई," मुलाणीसाहेब पुढे वाकून हळूच म्हणाले. "यांना जमत नाही. पोचल्यावर बोलू."

उंबरदऱ्यात गाडी तासभर थांबते. ती पट्टीवाली बाई उतरली. मुलाणीसाहेब तिच्यामागून उतरले, तिची पिशवी तिच्या हातात दिली. "जाते सायेब," ती म्हणाली. "सावकाश जा," हे म्हणाले. ती दर दहा पावलांवर थांबत घराकडे गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत हे उन्हात उभे. बाकीचे नऊ म्हातारे चहाच्या टपरीत जाऊन बसले होते. त्यांच्यातलं कोणीही देवळाकडे फिरकलं नाही.

"हौसाबाई," मुलाणीसाहेब म्हणाले. आम्ही टपरीबाहेरच्या बाकड्यावर बसलो होतो. "दवाखान्यात तुमच्या भाभीच्या शेजारच्या यंत्राला हिचा नंबर असायचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार. चार-चार तास रक्त धुवायचं. पडल्या पडल्या दोघी गप्पा मारायच्या. भाभी माझ्याबद्दल काय काय सांगायची तिला, आणि दोघी हसायच्या. मी बाहेर बाकावर बसून ऐकायचो. ते यंत्र नीट चालतंय का, याकडे माझं लक्ष असे."

"डॉक्टर होते ना तिथे?"

"होते तसे."

चहा आला. त्यांनी कप हातात धरून ठेवला.

"भाभी गेली. चाळिसावा झाला. नंतरच्या सोमवारी मी सवयीने दवाखान्यात जाऊन बसलो. चुकून. बुधवारी चुकून नाही गेलो, मुद्दाम गेलो. तर ही रडत होती. म्हणे दुपारची गाडी बंद होणार, ड्रायव्हर सांगत होता. मग संध्याकाळी सातपर्यंत पुण्यात बसायचं, नाहीतर दुसऱ्या गाडीने फाट्यावर उतरून चार मैल चढ चालायचा. घरात नवरा अंथरुणाला खिळलेला, दुसरं कोणी नाही. एकदा गाडी बिघडली तेव्हा आली होती ती चालत. तीन ठिकाणी रस्त्यात बसली." त्यांनी कप बाकड्यावर ठेवला. "रक्त धुतल्यावर माणसाच्या पायांत काही उरत नाही, बाई. भाभीला मी रिक्षातून उतरवून आत उचलून न्यायचो. तिला ते आवडायचं नाही. शेजारी बघतात म्हणायची."

"म्हणून तुम्ही ही मंडळी जमवलीत."

"सगळ्यांना वेळ होता. लतीफला घरात सून बोलते, तो खुशीने आला."

"पण मुलाणीसाहेब, हे खोटे प्रवासी आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हो," ते म्हणाले. "मी असतो तर पहिल्याच फेरीला पकडले असते."

मला हसू आलं आणि लगेच गेलंही. "आता अभिजितला मी काय सांगू? चौदा खरेच आहेत असं लिहू का? ते काय मला कठीण नाही."

"कठीण आहे तुम्हाला. लग्नात नवऱ्याचं नाव घेतानासुद्धा तुम्ही 'खरं सांगायचं तर' म्हणाला होतात." त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. "दोन दिवस द्या मला. पाहणी मी करतो."

शुक्रवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात आले. हाताने लिहिलेले दोन कागद माझ्यापुढे ठेवले. "टाइप करा. मगच आत नेतो. हाताने लिहिलेलं मालक वाचत नाहीत."

मी टाइप करायला घेतलं. मजकूर असा होता: 'उंबरदरा, दुपारी दोनची फेरी. प्रवासी चौदा. पैकी बोगस दहा. त्यांत मी एक, उरलेले मी आणले. त्यांचा दोष नाही, त्यांना घरी काम नसते. खरे प्रवासी चार. त्यांपैकी तीन संध्याकाळच्या गाडीने जाऊ शकतात. एक जाऊ शकत नाही. सबब फेरी बंद करावी. मात्र, हिंजवडीच्या दुपारच्या शिफ्टची आपली गाडी पुण्याहून दीडला निघते, मुलांना सोडते व संध्याकाळपर्यंत तेथेच उभी राहते. ड्रायव्हर झोपतो. तेथून उंबरदरा लांब नाही. एका प्रवाशास त्याच गाडीने पुढे पोचवून परत येता येईल. ड्रायव्हरची झोप थोडी कमी होईल.'

मी थांबले. "मुलाणीसाहेब, पण त्या गाडीत फक्त हिंजवडीच्या कंपनीचे कार्डवाले चालतात. तुम्हाला नाही बसू देणार."

"माझं उंबरदऱ्यात काम काय आहे?" ते म्हणाले. "पुढे टाइप करा."

अभिजितने कागद वाचला. त्याचे कान लाल झाले. "काका, तुम्ही आम्हाला फसवलंत?"

"हो. चार महिने."

"आणि आता स्वतःच येऊन सांगताय?"

"बाईंनी पकडलं. पण त्या लिहिणार नव्हत्या."

अभिजितने कागद पुन्हा वरून वाचायला घेतला. लहानपणी तो तात्यांबरोबर ऑफिसात यायचा, तेव्हा मुलाणीसाहेब त्याला उचलून घ्यायच्या आधी हा नक्की तात्यांचाच नातू ना, असं विचारायचे. शेवटी तो म्हणाला, "ड्रायव्हर झोपतो, हे तुम्हाला काय माहीत?"

"काल जाऊन बघून आलो. तीन गाड्यांचे तीन ड्रायव्हर. एक घोरतो."

हिंजवडीच्या त्या कंपनीची परवानगी मिळवायला तीन आठवडे गेले. तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्याने विचारलं, ही बाई कोण, कोणाची कोण, आठवड्यातून तीनदा का, पिशवीत काय असतं? मुलाणीसाहेब सगळ्या बैठकांना हजर होते आणि त्या अधिकाऱ्यावर फार खूश होते. "चांगला माणूस आहे," बाहेर आल्यावर ते म्हणाले, "काहीच लगेच मान्य करत नाही." अखेर हौसाबाईंच्या नावाचं, फोटो लावलेलं कार्ड मिळालं. एका व्यक्तीपुरतं. सोबत कोणी चालणार नाही, असं अधिकाऱ्याने दोनदा बजावलं. "बरोबर आहे," मुलाणीसाहेब दोन्ही वेळा म्हणाले. उंबरदऱ्याची दुपारची गाडी बंद झाली आणि दहा म्हातारे आपापल्या घरी बसले.

महिन्याभराने एका सोमवारी मी रजेवर होते. नणंदेचे रिपोर्ट आणायला त्याच दवाखान्यात गेले. वरच्या मजल्यावर, त्या विभागाच्या दाराबाहेर बाकावर मुलाणीसाहेब बसले होते. मला पाहून ते सरकले. मी शेजारी बसले.

"आता तुमची गरज काय इथे? गाडीची सोय झाली ना?"

"इथून कोपऱ्यापर्यंत कोण नेणार? गाडी कोपऱ्यावर येते."

एकच्या सुमारास हौसाबाई बाहेर आल्या. चेहरा पांढरा पडलेला, गळ्यात निळ्या पट्टीचं कार्ड. मुलाणीसाहेबांनी त्यांची पिशवी घेतली. रस्त्याने जाताना त्यांचा एक हात सबंध वेळ हौसाबाईंच्या कोपरामागे होता. धरलेला नाही, नुसता मागे. कोपऱ्यावर ती चकचकीत गाडी आली. पुढच्या सीटवरच्या मुलीने आपली बॅग उचलून जागा दिली. "या मावशी," ती म्हणाली. दार आपोआप मिटलं. मुलाणीसाहेब खालून त्या मुलीकडे बारीक डोळ्यांनी बघत होते.

"दर वेळी तीच देते जागा," ते म्हणाले. "का देते, काही कळत नाही."

गाडी वळणाआड गेली. ते तिथेच उभे राहिले.

"आता घरी?" मी विचारलं.

"घरी."

"जाऊन काय करता?"

"काही नाही." त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "परवा चष्मा सापडेना. कोणी हलवला म्हणून विचारायला तोंड उघडलं, आणि लक्षात आलं, आपणच ठेवलेला असणार. दुसरं आहेच कोण? संशय घ्यायला तरी घरात एक माणूस लागतं, बाई."

मी म्हणाले, "चला आमच्याकडे. जेवायला."

"का?"

"का म्हणजे? जेवायला."

"आज काय आहे?"

"काही नाही. पिठलं-भाकरी केलीय, जास्त झालीय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग निघाले. चौकात सिग्नल लागला तसे आम्ही थांबलो.

"पिठलं खरंच केलंय?"

"नाही," मी म्हणाले. "गेल्यावर करणार आहे."

"तरीच," मुलाणीसाहेब म्हणाले, आणि सिग्नल सुटल्याबरोबर माझ्या आधी रस्ता ओलांडायला लागले.